जोसेफ ॲस्पडिन: रस्त्यावरचा दगड उचलून सिमेंट बनवणारा गवंडी

सिमेंटच्या कुठल्याही गोणीवर नीट बघा. ओपीसी किंवा पीपीसी अशी अक्षरं छापलेली दिसतील. पहिल्याचा अर्थ ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट, दुसऱ्याचा पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट. दोन्हीकडे पोर्टलँड आहेच. पोर्टलँड हे कंपनीचं नाव नाही आणि शोध लावणाऱ्याचं आडनावही नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ त्या नावाचं एक छोटं बेट आहे, आणि सिमेंटचा शोध काही तिथे लागलेला नाही. हे नाव दिलं लीड्स शहरातल्या एका गवंड्याने, १८२४ साली. त्याचं नाव जोसेफ ॲस्पडिन.

मी सिव्हिलवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. घर लातूरचं, इंजिनिअरिंगची चार वर्षं नांदेडला गेली, आता पुण्यात कोड लिहितो. लातूरच्या घराला नवीन फरशी बसवायची ठरली तेव्हा शहाबादी, कोटा, मोझॅक, व्हिट्रिफाइड असे सगळे पर्याय मी एका शीटमध्ये मांडले. दर वेगळा, चमक वेगळी, आयुष्य वेगळं. पण खाली अंथरायचा माल सगळ्यांचा एकच होता: सिमेंट आणि वाळू. म्हणून आज फरशीबद्दल बोलताना आपण या गवंड्याची गोष्ट बघणार आहोत. आधी आपल्या पायाखालची जमीन समजून घेऊ, म्हणजे त्याने नेमकं काय केलं ते पटकन कळेल.

एकाच घरात पाच प्रकारच्या जमिनी

लातूर-नांदेडकडची बरीच जुनी घरं एका दमात बांधलेली नसतात. पिढीगणिक एखादी खोली वाढते, आणि प्रत्येक खोलीची जमीन तिच्या तिच्या काळाची असते.

सगळ्यात जुनी म्हणजे सारवलेली जमीन. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकून घट्ट करायचा, वर मातीचा थर आणि त्यावर शेणाचं सारवण. उन्हाळ्यात थंड, खर्च जवळपास शून्य. पण काही दिवसांनी पुन्हा सारवावं लागतं, आणि ते काम घरातल्या बायकांच्या वाट्याला यायचं.

दुसरी शहाबादी. ओसरीत, स्वयंपाकघरात, न्हाणीत, अंगणात, सगळीकडे. हा दगड येतो कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला. तो कठीण असतो, पण त्याच्या पातळ लाद्या सहज निघत नाहीत. शहाबादचा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून बनला. त्यामुळे तो थराथराने सुटतो आणि तयार फरशीच मिळते. म्हणून भिंतीला इथला काळा दगड आणि जमिनीला शहाबादी, अशी जोडी आपल्याकडे जमली.

तिसरा कोबा, म्हणजे सिमेंट काँक्रीटचीच सलग जमीन, वरून घोटून गुळगुळीत केलेली. चौथी मोझॅक. यात खाली सिमेंटची लादी आणि वरच्या थरात सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे बारीक तुकडे असतात. लादी यंत्रात दाबून काढतात, पाण्यात मुरवतात, आणि जमिनीवर बसवल्यानंतर मशिनने घासून पॉलिश करतात. तिच्यासाठी आयएस १२३७ नावाचं भारतीय मानकच आहे. पाचवी सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड. सिरॅमिकला आपल्याकडे अजूनही स्पार्टेक म्हणतात. व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झची भुकटी दाबून साधारण १२०० अंशांवर भाजलेली काचेसारखी लादी. ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. हा माल बहुतेक करून गुजरातच्या मोरबीहून येतो.

आता रसायन बघा. शहाबादी म्हणजे चुनखडी. कोटा म्हणजे राजस्थानातली चुनखडी. संगमरवर, जसा नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात पायांना थंड लागतो, तो म्हणजे जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णतेने बदललेली चुनखडी. मोझॅकमधले तुकडे संगमरवराचेच. आणि सिमेंट म्हणजे मातीसोबत भाजलेली चुनखडी. व्हिट्रिफाइड आणि सारवलेली जमीन सोडली, तर आपल्या बहुतेक जमिनी एकाच पदार्थाची वेगवेगळी रूपं आहेत. तो पदार्थ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

चुनखडीची फरशी एका बाजूला आणि चुनखडीपासून बनलेलं सिमेंट दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये जो टप्पा आहे, तिथे आपला गवंडी उभा आहे.

गवंड्याचा मुलगा

जोसेफचा जन्म १७७८ च्या डिसेंबरमधला, लीड्सच्या हन्सलेट भागातला. वडील थॉमस गवंडी होते. सहा भावंडांत जोसेफ सगळ्यात मोठा. तो वडिलांच्याच धंद्यात शिरला. १८११ मध्ये त्याचं लग्न झालं आणि १८१७ पर्यंत त्याने लीड्समध्ये स्वतःचा स्वतंत्र धंदा सुरू केला होता.

तो काळ कारखान्यांचा होता. लीड्स लोकर आणि कापडाच्या गिरण्यांनी भराभर वाढत होतं आणि बांधकामाला उसंत नव्हती. पण विटा-दगड जोडायला तेव्हा मुख्यतः चुनाच होता. साधा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी हळूहळू संयोग पावून घट्ट होतो. जाड भिंतीच्या आत हवा पोचत नाही, तिथे तो वर्षानुवर्षं मऊ राहतो. पाण्याखाली तर तो जमतच नाही.

यावर काम आधी झालेलं होतं. लीड्सजवळचाच जॉन स्मीटन हा इंजिनिअर १७५० च्या दशकात एडिस्टोनचं दीपगृह बांधत होता. ज्या चुनखडीत मातीचा अंश असतो, तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो, हे त्याने प्रयोग करून शोधलं. १७९६ मध्ये जेम्स पार्करने नैसर्गिक मातकट चुनखडीच्या गोट्यांपासून रोमन सिमेंट बनवलं आणि ते चांगलं विकलं जात होतं. पण असे गोटे सगळीकडे मिळत नाहीत. मग शुद्ध चुनखडी आणि माती आपणच मोजून मिसळली तर? या प्रश्नामागे त्या काळात अनेक जण लागले होते. जोसेफ त्यांतला एक, आणि त्याच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना पदवी.

रस्ता खणणारा संशोधक

त्याची पहिली अडचण कच्च्या मालाची होती. लंडनच्या बाजूला मऊ खडू मिळतो, तो पाण्यात कालवून सहज बारीक होतो. लीड्सच्या बाजूची चुनखडी मात्र कठीण. तेव्हा ती दळायला आजच्यासारखी यंत्रं नव्हती, आणि जोसेफच्या मालकीची खाणही नव्हती. पण हीच चुनखडी तिथल्या रस्त्यांना घालत असत. गाड्यांच्या चाकांखाली तिची आपोआप भुकटी व्हायची. जोसेफने ती भुकटी, तो चिखल वापरायला सुरुवात केली. म्हणजे त्याच्यासाठी दळण्याचं काम रस्त्यावरची रहदारीच करून देत होती.

ते पुरेनासं झालं तेव्हा त्याने रस्त्यात बसवलेले अख्खे दगडच उचलले. त्यासाठी त्याच्यावर किमान दोनदा खटला झाला. सार्वजनिक रस्त्याची फरशी उखडल्याचा गुन्हा, आणि करणारा कोण, तर पुढे जगभरच्या फरशांखाली ज्याचा माल जाणार होता तो माणूस.

२१ ऑक्टोबर १८२४ रोजी त्याला पेटंट मिळालं. पेटंटचा विषय होता कृत्रिम दगड बनवण्याची सुधारित पद्धत. रस्त्यासाठी वापरतात ती चुनखडी घ्यायची, भाजायची, माती आणि पाण्यात मिसळायची, सुकवायची, तुकडे करून पुन्हा भट्टीत भाजायची आणि दळायची. दोनदा भाजणं हा या पद्धतीचा गाभा होता. कठीण चुनखडी आधी भाजली की तिचा चुना होतो, तो पाण्यात फुटून आपोआप बारीक होतो, आणि मगच मातीत नीट मिसळतो.

नाव त्याने दिलं पोर्टलँड सिमेंट. पोर्टलँड बेटाचा फिकट दगड तेव्हा इंग्लंडमधला सगळ्यात मानाचा होता. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल त्याच दगडाचं आहे. आपला गिलावा त्या दगडासारखा दिसतो, हे गिऱ्हाइकाला एका शब्दात कळावं म्हणून हे नाव. आजच्या भाषेत सांगायचं तर हे ब्रँडिंग होतं, आणि ते इतकं जमलं की दोनशे वर्षांनंतरही लातूरच्या दुकानातल्या गोणीवर ते छापलेलं आहे.

पेटंटमध्ये एक गोष्ट मात्र त्याने लिहिली नाही. चुनखडी किती आणि माती किती, हे प्रमाणच दिलेलं नाही. फंक्शनचं नाव जाहीर, आतला कोड गायब.

वेकफील्ड, रेल्वे आणि दोन मुलं

१८२५ मध्ये लीड्सचाच विल्यम बेव्हर्ली भागीदार झाला आणि जोसेफने जवळच्या वेकफील्ड गावात कारखाना काढला. त्याच वर्षी चुना बनवण्याच्या पद्धतीचं आणखी एक पेटंट त्याने घेतलं. कारखान्याबद्दल तो फार गुप्तता पाळायचा, भट्टी स्वतःच भरायचा, असं सांगितलं जातं. १८३८ मध्ये मँचेस्टर अँड लीड्स रेल्वे कंपनीने मार्गासाठी ती जागा सक्तीने घेतली आणि कारखाना पाडला. जोसेफ तेव्हा साठीला आला होता. त्याने जवळच दुसरी जागा घेऊन पुन्हा भट्टी लावली.

घरात दोन मुलगे होते. जेम्स हिशेबातला, विल्यम भट्टीवरचा. १८४१ मध्ये जोसेफने जेम्सला भागीदार केलं आणि जाहीर नोटीस काढली की विल्यम आता कंपनीत नाही आणि त्याच्या कर्जाची जबाबदारी आमच्यावर नाही. बापाने मुलाबद्दल अशी नोटीस काढावी, म्हणजे घरात काय चाललं असेल याची कल्पना करा. १८४४ मध्ये जोसेफने आपला वाटा जेम्सला देऊन काम थांबवलं. २० मार्च १८५५ रोजी वेकफील्डला राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला.

पण खरं सिमेंट कुणी बनवलं?

इथे गोष्टीला वळण आहे. जोसेफने आयुष्यभर जे विकलं ते आजचं पोर्टलँड सिमेंट नव्हतंच.

चुनखडी आणि माती एकत्र भाजली की कॅल्शियम आणि सिलिका यांची संयुगं बनतात. त्यांतली दोन महत्त्वाची. एकाचं नाव बेलाइट. ते तुलनेने कमी तापमानाला बनतं आणि फार सावकाश ताकद देतं. दुसरं ॲलाइट. ते बनायला भट्टी साधारण १४५० अंशांपर्यंत न्यावी लागते. पहिल्या २८ दिवसांत सिमेंटला जी ताकद येते ती मुख्यतः ॲलाइटमुळे. जोसेफच्या चुन्याच्या भट्ट्या तेवढ्या तापतच नव्हत्या. त्याचा माल लवकर आवळायचा, पण फार मजबूत व्हायचा नाही. गिलावा आणि साच्यातल्या नक्षीसाठी तो ठीक होता. त्याच्यावर स्लॅब उभा राहिला नसता.

बापाने ज्याला बाहेर काढलं त्या विल्यमने १८४३ च्या सुमारास लंडनजवळ रॉदरहाइथला कारखाना काढला. त्याने चुनखडीचं प्रमाण वाढवलं आणि भट्टी जास्त तापवली. जे जास्त भाजून दगडासारखे कडक गोळे व्हायचे आणि इतर लोक फेकून द्यायचे, ते त्याने दळले. त्या गोळ्यांना क्लिंकर म्हणतात आणि आजचं सगळं सिमेंट त्यापासूनच बनतं. हा माल बापाच्या मालापेक्षा कितीतरी मजबूत होता. तरी विल्यमने तो बापाच्याच पेटंटचा म्हणून विकला, कारण पोर्टलँड नावाला बाजारात किंमत होती. पुढे कर्ज आणि भागीदारांशी भांडणं यातून तो जर्मनीला गेला आणि १८६४ मध्ये तिथेच वारला. दरम्यान आयझॅक जॉन्सन नावाच्या दुसऱ्या कारखान्यातल्या व्यवस्थापकाने स्वतः प्रयोग करून तेच रहस्य शोधलं, आणि प्रमाण व तापमान यांना शिस्त लागली.

मग जनक कोण? आमच्या क्षेत्रात असं रोज घडतं. एखादं सॉफ्टवेअर पहिल्या माणसाच्या नावाने ओळखलं जातं, पण आज चालणाऱ्या आवृत्तीत त्याची एकही ओळ शिल्लक नसते. माझं मत असं की जोसेफचं श्रेय दोन गोष्टींचं आहे. निसर्गात तयार मातकट चुनखडी सापडण्याची वाट न बघता दोन साधे पदार्थ मिसळून हवा तो माल बनवायचा, हा मार्ग त्याने धंद्यात आणून चालवला. आणि नाव दिलं. ताकदीचं श्रेय मात्र विल्यम आणि जॉन्सन यांना द्यायला हवं.

शहाबादला पोचलेलं सिमेंट

आता आपल्याकडे या. ज्या चुनखडीच्या फरशा निघतात, तीच चुनखडी भाजली तर सिमेंट होतं. म्हणून शहाबाद आणि शेजारच्या वाडीला सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. शहाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि लातूर-नांदेडही त्याच संस्थानात. १९३६ मध्ये देशातल्या अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी तयार झाली, त्यांत शहाबादची कंपनीही होती. १९५६ मध्ये राज्यं बदलली, शहाबाद कर्नाटकच्या बाजूला गेलं आणि आपण मुंबई राज्यात आलो. पण दगड येत राहिला. जोसेफने रस्त्याच्या फरशीचं सिमेंट केलं. आपल्याकडे एकाच पट्ट्यातल्या दगडाची एक लादी फरशी होते आणि दुसरी भाजून तिच्याखालचा माल होते.

जोडणारा माल किती महत्त्वाचा असतो, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. तिथल्या घरांच्या भिंती जाड दगडी होत्या, पण दगड मातीच्या चिखलात रचलेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र बांधणारे आडवे लांब दगड बऱ्याच ठिकाणी नव्हते, आणि वर मातीचं जड माळवद. दगड मजबूत होता, बांधणी नव्हती. नुसतं सिमेंट वापरलं की घर भूकंपाला टिकतं असं नाही. त्याला लोखंड, पट्टे आणि नीट आराखडा लागतो. पण त्यानंतर आपल्या भागात नव्या घरांच्या भिंतींतून दगड जवळजवळ गेला आणि फरशीपुरता उरला.

तुमच्या फरशीसाठी यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. पाणी लवकर उडालं तर क्रिया अर्धवट राहते आणि माल भुसभुशीत होतो. म्हणून पाणी मारणं, ज्याला पुस्तकात क्युरिंग म्हणतात. आयएस ४५६ नुसार काँक्रीटला साध्या ओपीसीसाठी किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲश वगैरे मिसळलेल्या सिमेंटसाठी १० दिवस ओल टिकवायला हवी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड. तरी उपाय आहे. कोब्यावर किंवा बसवलेल्या शहाबादीवर ओली गोणपाटं अंथरा, वर प्लास्टिक टाका. उघड्यावर दिवसातून चार वेळा पाणी फेकण्यापेक्षा पाणी कमी लागतं आणि ओल जास्त टिकते. शक्य असेल तर हे काम मे महिन्यात काढू नका.

दुसरी, चुनखडी आणि ॲसिड यांचं वैर आहे. शहाबादी, कोटा, संगमरवर, मोझॅक, कोबा यांवर लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड पडलं की बुडबुडे येतात आणि पॉलिश जातं. ते डाग नसतात, दगडच खाल्लेला असतो. घासून पुन्हा पॉलिश करणं एवढाच इलाज. व्हिट्रिफाइडच्या लादीला ही भीती नाही, पण तिच्या सांध्यांत सिमेंट भरलेलं असेल तर ते खराब होतंच.

तिसरी, टाइल पोकळ वाजणं. मोझॅक आणि साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते, म्हणून ती आधी भिजवून बसवतात, नाहीतर ती मालातलंच पाणी पिऊन टाकते. व्हिट्रिफाइड जवळपास काहीच शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या मालाला तिची पाठ नीट धरता येत नाही. तिच्यासाठी टाइल ॲडेसिव्ह बरं. कुठलीही टाइल असो, माल पूर्ण पाठीला लागला पाहिजे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून बसवलेली टाइल आज सपाट दिसते आणि जड कपाट सरकवलं की तडकते. काम चालू असतानाच एखादी ताजी बसवलेली टाइल मिस्त्रीला उचलून दाखवायला सांगा. पाठ पूर्ण भरलेली असेल तर काम बरोबर चाललंय.

मिस्त्री आपलं काम करून जातो. पुढचे सात-दहा दिवस ओल सांभाळणं घरच्यांच्या हातात असतं. गोणीवरचं पोर्टलँड नाव सगळीकडे सारखंच असतं, पण फरशीखालचा माल किती घट्ट होणार हे त्या दिवसांत ठरतं.